पोटातलं बाळ पाहताना: सोनोग्राफीच्या खोलीत पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

पहिल्या सोनोग्राफीत डॉक्टर म्हणाल्या, "हे बघा, हे डोकं," आणि मी "हो हो" करत मान डोलावली. मला दिसत होतं ते निव्वळ ढगाळलेलं आभाळ. बाहेर आल्यावर नवऱ्याला विचारलं, "तुला दिसलं का रे?" तो म्हणाला, "मला वाटलं, तुला दिसलं."

त्यानंतर दोन बाळंतपणं मिळून अकरा सोनोग्राफ्या झाल्या आणि एक एमआरआयही. मी डॉक्टर नाही. पण या सगळ्यातून एक गोष्ट कळली. आपण जातो बाळ बघायला, आणि डॉक्टर त्या दिवशी एखाद्या ठरावीक प्रश्नाचं उत्तर शोधत असतात. प्रश्न माहीत नसला की शांतपणे केलेलं मोजमापही भीतीदायक वाटतं, आणि रिपोर्टमधला प्रत्येक आकडा अंगावर येतो. म्हणून खोलीत शिरण्याआधी विचारून घ्या, "आज काय पाहायचं आहे?" खालचं सगळं त्या एका वाक्याभोवती फिरतं.

१. चित्र कसं तयार होतं ते आधी समजून घ्या

सोनोग्राफीत किरण नसतात, आवाज असतो. पोटावर फिरवतात तो प्रोब सेकंदाला साधारण २० ते ५० लाख कंपनं असलेला ध्वनी आत सोडतो. माणसाचा कान २० हजारांच्या पुढचं ऐकत नाही, त्यामुळे आपल्याला काहीच कळत नाही. शरीरातल्या मऊ भागांतून हा ध्वनी सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगाने जातो, कशावर तरी आपटतो आणि परत येतो. परत यायला किती वेळ लागला यावरून मशीन खोली काढतं. १० सेंटिमीटरवरून प्रतिध्वनी यायला सेकंदाचा सात हजारावा भागसुद्धा पुरतो.

हे एवढं कळलं की पडदा वाचता येतो. पाण्यातून प्रतिध्वनी येत नाही, म्हणून गर्भजल काळं दिसतं. भरलेलं मूत्राशय आणि बाळाचं जठरही काळंच. हाड बराचसा आवाज परत फेकतं, म्हणून ते पांढरं, आणि त्याच्या मागे सावली. बाकी सगळं करड्या रंगाच्या छटांत. हवेतून हा आवाज पुढे जातच नाही, म्हणून तो गार जेल लावतात. पडद्याची वरची कड म्हणजे तुमच्या पोटाची त्वचा, आणि खाली खाली जाल तसं आतलं.

आणखी एक. पडद्यावर दिसतो तो काप असतो. बंद पुस्तकातलं एकच पान उघडावं तसा. डॉक्टर प्रोब किंचित तिरका करतात तेव्हा पुढचं पान येतं, आणि अख्खं पुस्तक त्या मनात जुळवत असतात. आपल्याला एका पानावरून गोष्ट कळत नाही यात आपला काही दोष नाही.

या तंत्राचा जन्मही मजेशीर आहे. ग्लासगोचे इयन डोनाल्ड यांनी धातूतल्या भेगा शोधायचं कारखान्यातलं यंत्र शरीरावर वापरून पाहिलं, आणि १९५८ साली जॉन मॅकव्हिकर व इंजिनिअर टॉम ब्राऊन यांच्यासह त्यावरचा निबंध 'द लॅन्सेट'मध्ये छापला. त्याआधी पोटातलं बाळ पाहायचं तर एक्स-रे काढत. पोटात असताना एक्स-रे झालेल्या मुलांत पुढे कॅन्सरचं प्रमाण जास्त दिसतं, हे अॅलिस स्टुअर्ट यांनी १९५६ पासून दाखवायला सुरुवात केली, आणि तो रस्ता हळूहळू बंद झाला.

२. कोणत्या आठवड्यात कोणता प्रश्न

आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. म्हणजे पाळी चुकते तेव्हाच तुम्ही हिशेबाने चार आठवड्यांच्या असता. यावर पहिला गोंधळ होतो, तो आत्ताच मिटवून टाका.

*६ ते ९ आठवडे.* प्रश्न: गर्भ गर्भाशयातच आहे ना, एकच आहे ना, ठोके आहेत का? इथला सापळा म्हणजे घाई. मी पाचव्या आठवड्यात गेले. नुसती काळी पिशवी दिसली, आत काही नाही, आणि पुढचे दहा दिवस मी रडून काढले. तेवढ्या लवकर पिशवीच दिसते, ठोके साधारण सहाव्या आठवड्याच्या आसपास दिसू लागतात. त्यातून बीज उशिरा सुटलं असेल तर सगळंच आठवडाभर मागे असतं. गर्भाची लांबी ७ मिलिमीटर किंवा जास्त असून ठोके नाहीत, किंवा पिशवी सरासरी २५ मिलिमीटरची होऊनही आत गर्भ नाही, अशा वेळीच डॉक्टर गर्भ वाढत नसल्याचं एका तपासणीवरून सांगतात. त्यापेक्षा लहान मापावर कोणी निकाल देत असेल, तर आठवड्याभराने परत पाहू या, असं तुम्ही म्हणू शकता. म्हणाच. मात्र पोटात एका बाजूला जोरात दुखत असेल किंवा रक्तस्राव होत असेल, तर कुठलाही आठवडा न मोजता तडक दवाखाना गाठा. गर्भ नळीत राहिलेला असू शकतो.

या सुरुवातीच्या दिवसांत सोनोग्राफी बऱ्याचदा आतून, म्हणजे योनिमार्गातून करतात. प्रोब बारीक असतो, दुखत नाही, थोडं अवघडल्यासारखं होतं. बाळाला त्याने काही होत नाही. नको असेल तर नको म्हणायचा हक्क तुमचा आहे.

या पहिल्या तिमाहीतलं सर्वांत मोलाचं माप म्हणजे सीआरएल, बाळाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी. या वयात सगळी बाळं जवळपास एकाच वेगाने वाढतात, म्हणून तारीख पाच-सात दिवसांच्या फरकाने बरोबर येते. शेवटच्या तिमाहीत हाच फरक तीन आठवड्यांपर्यंत जातो. त्यामुळे पहिल्या सोनोग्राफीने पक्की झालेली प्रसूतीची तारीख पुढच्या सोनोग्राफीत बदलत नसते. नंतरच्या रिपोर्टवर वेगळी तारीख छापून आली तर तिचा अर्थ फक्त, आजच्या मापाने बाळ किंचित मोठं किंवा किंचित लहान आहे.

जुळं असेल तर दोघांची वार एक आहे की वेगळी, हे १४ आठवड्यांच्या आत ठरवून रिपोर्टमध्ये लिहून घ्या. नंतर ते पाहणं अवघड होत जातं, आणि पुढच्या तपासण्या किती दिवसांनी करायच्या हे त्यावरच ठरतं.

*११ आठवडे ते १३ आठवडे ६ दिवस.* एनटी स्कॅन. बाळाच्या मानेमागच्या त्वचेखाली साचलेल्या द्रवाची जाडी मोजतात. त्या वेळी सीआरएल ४५ ते ८४ मिलिमीटरमध्ये असावं लागतं, म्हणून ही तपासणी पुढे ढकलता येत नाही. दिवस ठरवून आधीच नंबर लावा. हा स्कॅन निदान करत नाही, डाउन सिंड्रोमसारख्या गुणसूत्रांच्या दोषाची शक्यता किती ते सांगतो, आणि तीही रक्ततपासणीशी जोडली की जास्त नेमकी होते. मशीनवर "धोका १००० मध्ये १" असं आलं, तर त्याचा अर्थ हजारातल्या ९९९ जणींना काही निघत नाही. मी तो आकडा उलटा वाचला होता.

*१८ ते २२ आठवडे.* अॅनॉमली स्कॅन. एकच सोनोग्राफी करता येणार असेल तर मी ही करेन. २४ आठवड्यांच्या आत एकदा तरी सोनोग्राफी व्हावी, असं जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१६ मध्ये सांगितलं आहे. यात मेंदू, ओठ, पाठीचा कणा, हृदयाचे चार कप्पे आणि बाहेर पडणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या, जठर, मूत्रपिंडं, हातपाय, नाळ, वार असं एकेक ओळीने पाहतात. अर्धा-पाऊण तास सहज जातो. तरीही यात सगळं दिसत नाही. बाळाला ऐकू येतं का, त्याची बुद्धी कशी असेल, हे कुठलीच सोनोग्राफी सांगत नाही. काही दोष तर उशिराच दिसू लागतात.

*२८ च्या पुढे.* ग्रोथ स्कॅन आणि डॉपलर. वाढ, गर्भजल, नाळेतला रक्तप्रवाह. सगळ्यांनाच लागतो असं नाही. सांगितला तर का सांगितला, ते विचारा.

३. बरोबर काय न्यायचं

- आधीचे सगळे रिपोर्ट, तारखेच्या क्रमाने. विशेषतः पहिला. तोच घरी राहतो.
- शेवटच्या पाळीची तारीख आणि पाळी किती दिवसांनी येते, एका कागदावर लिहून.
- डॉक्टरांची चिठ्ठी. तिच्यावर कोणता स्कॅन ते स्पष्ट हवं. नुसतं "सोनोग्राफी" असेल तर परत लिहून घ्या.
- वर-खाली वेगळे, सैल कपडे. एकसंध झगा घालून गेलात तर सगळाच वर करावा लागेल.
- पाण्याची बाटली आणि पोट पुसायला जुना मऊ रुमाल. तिथला कागद जेलने लगेच चिंधी होतो.
- तीन प्रश्न. तीनच. जास्त नेले की एकही नीट विचारला जात नाही.

लघवी रोखून जायचं का? सुरुवातीच्या दिवसांत पोटावरून सोनोग्राफी असेल तर हो, भरलेल्या मूत्राशयातून गर्भाशय स्वच्छ दिसतं. आतून करणार असतील तर मूत्राशय रिकामं लागतं. पाचव्या महिन्यानंतर बाळ पाण्यातच असतं, तेव्हा सहसा रोखायची गरज नसते. फोन करून विचारा. मी एकदा उगाच लिटरभर पाणी पिऊन दीड तास रांगेत बसले आहे.

४. टेबलावर

डॉक्टर गप्प होतात. हे आधीच सांगून ठेवते, कारण मला कोणी सांगितलं नव्हतं. अॅनॉमली स्कॅनला सलग दहा मिनिटं त्या काही बोलल्या नाहीत आणि मी छताच्या ट्यूबलाइटकडे बघत मनात काय काय रचून टाकलं. त्या मोजत होत्या. पडद्यावरचं चित्र थांबतं, दोन छोटे अधिकचे चिन्ह उमटतात, त्यांच्यामध्ये ठिपक्यांची रेघ ओढली जाते, खाली आकडा येतो, टक् असा आवाज होतो आणि चित्र परत हलायला लागतं. हे तीस-चाळीस वेळा होतं. मोजताना बोललं की चूक होते. "मोजून झालं की मला दाखवाल का?" असं सुरुवातीलाच म्हणून ठेवा. बहुतेक जणी आनंदाने दाखवतात.

पहिल्या तिमाहीत "ठोके ऐकवा ना" असा हट्ट करू नका. आवाज ऐकवायला डॉपलर वापरावा लागतो, त्यात एकाच जागी जास्त ऊर्जा जाते. ठोके पडद्यावर लुकलुकताना दिसतात आणि मोजताही येतात. तेवढं पुरे. पडद्याच्या कोपऱ्यात टीआय आणि एमआय असे दोन आकडे असतात. पहिला उष्णतेचा, दुसरा ध्वनीच्या दाबाच्या परिणामाचा अंदाज. ते शक्य तेवढे कमी आणि वेळ गरजेपुरता, एवढाच नियम. वैद्यकीय कारणासाठी नीट केलेल्या सोनोग्राफीने बाळाला इजा झाल्याचं सिद्ध झालेलं नाही.

बराच वेळ पाठीवर झोपून चक्कर आल्यासारखं, घाम फुटल्यासारखं झालं तर लगेच सांगा आणि डाव्या कुशीवर वळा. गर्भाशयाचं वजन मागच्या मोठ्या शिरेवर येतं, म्हणून तसं होतं.

५. बाळ पाठ करून झोपलं असेल तर

झोपतंच. माझा थोरला पाठीचा कणा वर करून, तोंड खाली घालून पडून होता. कणा सुंदर दिसला, हृदय हाडांच्या सावलीत गेलं. मला बाहेर वीस मिनिटं चालायला लावलं, मग कुशीवर झोपवलं, पोट हलकं हलवलं. शेवटी वळला. नाही वळलं तर दुसऱ्या दिवशी बोलावतात, आणि रिपोर्टवर "नीट दिसलं नाही" असं येतं. याचा अर्थ दोष सापडला असा नाही. पण तो स्कॅन पूर्ण झालाय असंही समजू नका, उरलेला भाग पाहून घ्या. पोटावर चरबी जास्त असेल किंवा आधीच्या शस्त्रक्रियेचा व्रण असेल तरी चित्र धूसर येतं.

६. रिपोर्ट हातात आल्यावर

पहिला नियम: रिक्षात बसून मोबाइलवर शब्द शोधायचे नाहीत. मी हे दुसऱ्या खेपेला केलं, "एकोजेनिक फोकस" हा शब्द धरून. हृदयात एक पांढरा ठिपका, बस. बाकी सगळं ठीक असताना तो एकटा दिसला तर बहुतेक वेळा त्याला महत्त्व नसतं. मेंदूतल्या कोरॉइड प्लेक्सस सिस्टचंही (पाण्याच्या बारीक पिशव्या) तेच, त्या पुढे आपोआप जातात. पण दोन रात्री गेल्या त्या गेल्या.

मग शेवटचा परिच्छेद वाचा, 'इंप्रेशन'. आकडे नंतर. बीपीडी आणि एचसी ही डोक्याची मापं, एसी पोटाचा घेर, एफएल मांडीचं हाड. यांचं गणित करून ईएफडब्ल्यू, म्हणजे अंदाजे वजन येतं. अंदाजे. १० ते १५ टक्के चूक नेहमीची. ३ किलो लिहिलं असेल तर खरं वजन अडीचच्या थोडं वर ते साडेतीनच्या थोडं खाली, यात कुठेही असू शकतं.

पर्सेंटाइल म्हणजे परीक्षेतले गुण नव्हेत. आमच्या सासूबाईंनी "तीसच?" म्हणून तोंड बारीक केलं होतं. ३० पर्सेंटाइल म्हणजे त्याच आठवड्याच्या शंभर बाळांत तीस याच्याहून हलकी, सत्तर जड. १० च्या खाली गेलं की डॉक्टर जास्त लक्ष देतात. आणि एका आकड्यापेक्षा दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने घेतलेल्या दोन आकड्यांमधला बदल महत्त्वाचा.

एएफआय म्हणजे चार कोपऱ्यांतल्या पाण्याची बेरीज. साधारण ५ ते २५ सेंटिमीटर ठीक. ८ वरून ११ झाला म्हणून पेढे नकोत, १४ वरून ११ झाला म्हणून धडकीही नको. बाळ हलतं, मोजणारा हात बदलतो.

"लो लाइंग प्लासेंटा" विसाव्या आठवड्यात दिसली तर घाबरू नका. वारेची कड गर्भाशयाच्या तोंडापासून २० मिलिमीटरच्या आत असली की असं लिहितात. गर्भाशयाचा खालचा भाग पुढे ताणला जातो आणि बहुतेक जणींची वार वर सरकते. बत्तीसाव्या आठवड्याच्या आसपास परत पाहतात. रक्तस्राव झाला तर मात्र तेवढं थांबायचं नाही.

७. थ्री-डी, फोर-डी

थ्री-डी म्हणजे असंख्य काप एकत्र शिवून केलेलं चित्र, आणि ते हललं की फोर-डी. चेहरा पाहायचा तर २६ ते ३० आठवडे बरे. त्याआधी गाल भरलेले नसतात, त्यानंतर जागा नसते. चेहऱ्यापुढे पाणी हवं. वार किंवा हात आडवा आला तर कितीही महागडं मशीन काही करू शकत नाही. अर्धवट वितळलेला नाक-डोळा पाहून दचकू नका, तो चित्र शिवण्यातला दोष. फाटलेला ओठ किंवा कणा नीट पाहायला डॉक्टरांना थ्री-डीचा खरा उपयोग होतो, आणि याच माहितीवरून बाळाची हातात धरता येईल अशी प्रतिकृती छापता येते, म्हणजे दृष्टी नसलेल्या आईबापांना ती चाचपून पाहता येते. हे मला फार आवडलं. निव्वळ फोटोसाठी मात्र तासभर स्कॅन करून घेऊ नका, आणि तो केला म्हणून अॅनॉमली स्कॅन झाला असं तर अजिबात नाही.

८. एमआरआय सांगितला तर

दुसऱ्या खेपेला एकविसाव्या आठवड्यात मेंदूतल्या पाण्याच्या कप्प्याची रुंदी १०.४ मिलिमीटर आली. मर्यादा १०. अर्धा मिलिमीटरही नाही, मोजायच्या त्या अधिकच्या चिन्हाची जाडी म्हणा. पण पाहायला हवं होतं.

एमआरआयमध्ये एक्स-रे नसतात, चुंबक आणि रेडिओलहरी असतात. सोनोग्राफीत शंका आली, विशेषतः मेंदू, कणा, फुप्फुसं किंवा खोल रुतलेल्या वारेबद्दल, तर तो सुचवतात. विसाव्या आठवड्याच्या आधी बाळ फार लहान असतं, चित्रातून फारसं हाती लागत नाही. चित्र उठावदार करणाऱ्या गॅडोलिनियम या औषधाचं इंजेक्शन गरोदरपणात टाळतात. देणार असतील तर का, ते विचारा. शरीरात पेसमेकर, क्लिप, कानातलं यंत्र, काहीही धातूचं असेल तर नाव नोंदवतानाच सांगा.

आत अर्धा-पाऊण तास लागतो, ठोकाठोकीचा मोठा आवाज येतो, कानात बोळे देतात. कुशीवर झोपू द्या म्हणून सांगितलं तर देतात. बाळ हलत असतं, त्यामुळे एकेक चित्र सेकंदाच्या आत काढतात. आणि एक गंमत: नेहमीच्या चित्रांत इथे पाणी पांढरं दिसतं. सोनोग्राफीच्या अगदी उलट. मला वाटलं होतं, फिल्मच उलटी लावली. माझ्या चित्रात माप १०.१ आलं, मेंदूची बाकी घडण व्यवस्थित, आणि तेवढ्यावर ते प्रकरण मिटलं.

९. फोटो जपायचा तर

तो चकचकीत कागद उष्णतेवर छापतो. म्हणून लॅमिनेट करू नका. मी पहिला फोटो हौसेने लॅमिनेट करायला दिला, आणि यंत्रातून काळा कुळकुळीत तुकडा बाहेर आला. घरी आल्या दिवशीच मोबाइलवर सरळ वरून फोटो काढा, मागे आठवडा आणि तारीख लिहा, आणि मूळ कागद अंधारात, प्लॅस्टिकच्या पिशवीत न घालता, वहीत ठेवा. शक्य असेल तर मूळ फाइल पेन ड्राइव्हवर मागून घ्या. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं झालं तर तीच कामाला येते.